न समजलेल्या चारशे बारा पानांवरची माझी सही

ती. मामांच्या चरणी,

आठवीच्या वार्षिक परीक्षेत विज्ञानात तुम्ही स्वतःच्या लाल पेनानं दोन गुणांनी नापास केलेल्या तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं खुशाल होतं. म्हणजे मागच्या महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी सव्वातीनपर्यंत होतं. त्यानंतर मला जो धक्का बसला आहे त्यातून मी अजून सावरलेलो नाही, आणि हे पत्र लिहितानाही मधूनमधून पेन खाली ठेवून नुसता भिंतीकडे बघत बसतो आहे.

तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? (मामींनी पत्रात डावा लिहिला होता, पण मागल्या खेपेला तुम्ही उजव्या पायानं लंगडत होतात हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन्ही दुखत असतील तर दोन्हींची चौकशी समजावी.) प्रवास झेपतो का? जिना चढता येतो का? कानातलं यंत्र लावता ना? मामी म्हणतात, त्या बोलायला लागल्या की तुम्ही ते काढून डबीत ठेवता आणि बातम्या सुरू झाल्या की पुन्हा लावता. मला त्या भांडणात पडायचं नाही. आमच्याकडे ही बरी आहे, फक्त तीन आठवडे झाले, माझ्याकडे टक लावून बघते आणि मी बघितलं की नजर वळवते. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर बायको असं बघायला लागली की माणूस आधी स्वतःच्या चुका आठवायला लागतो. कारण पुढे येईलच.

मामा, आता उभे असाल तर खाली बसा. विद्यापीठाच्या कागदोपत्री तुमचा हा भाचा शास्त्रज्ञ ठरला आहे. तोही साधासुधा नव्हे, शोधकर्ता. होय, मीच. ज्याला तुम्ही भर वर्गात विचारलं होतं की पाण्यात मीठ टाकल्यावर मीठ कुठे जातं, आणि जो म्हणाला होता, तळाशी.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेली एकोणतीस वर्षं मी रसायन विभागाचा भांडारपाल आहे. बाटल्या, नळ्या, गाळणकागद, झाकणं, चिमटे. चिठ्ठी आणावी, वस्तू न्यावी, सही करावी, एवढा माझा संसार. खोली जिन्याखाली, दार आतल्या बोळात आणि एक खिडकी बाहेरच्या रस्त्यावर. त्या रस्त्यानं बसथांब्याकडे जाणारं सगळं गाव जातं. खोलीत दिवसाढवळ्याही दिवा लावावा लागतो. रसायनातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि त्याची कधी गरजही पडली नाही. कुठली बाटली कुठल्या कप्प्यात आणि कुठल्या बाटलीला हात लावायचा नाही, एवढं कळलं की भांडारपाल सुखानं निवृत्त होतो. मला तीन वर्षं राहिली होती हो!

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे संशोधनाला एक मुलगी आली. एवढीशी मूर्ती, तुरुतुरु चालणं, सारखं काहीतरी टिपत राहणं, म्हणून मी तिला चिमणी म्हणतो. (मनातल्या मनात. तोंडावर कसं म्हणणार, ती शिकलेली बाई आहे.) जुन्या इमारतींच्या नळांतून पाण्यात शिसं उतरतं म्हणे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तिचा धाकटा भाऊ लहानपणी असंच पाणी पीत मोठा झाला, आणि आज चोविसाव्या वर्षी त्याला सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. हे तिनं मला एकदाच सांगितलं, गाळणकागद मोजता मोजता. तर पाण्यात शिसं आहे की नाही हे तपासायला एरवी खोलीभर यंत्र लागतं. चिमणीनं बोटाएवढी कागदी पट्टी बनवली. पाण्यात बुडवायची, गुलाबी झाली तर ते पाणी पिऊ नका.

अडचण एकच होती. पट्टी चार दिवसांत मरायची, म्हणजे नंतर काही केल्या गुलाबी होईना. त्या एका अडचणीवर त्या पोरीनं चार वर्षं घासली. शेवटी तिला सापडलं ते असं: कागदावर औषध चढवण्याआधी तो आंबट पाण्यात भिजवायचा, अंधारात वाळवायचा आणि मगच औषध लावायचं. अशी पट्टी वर्षभर टिकते. आता अंधार म्हटलं की आख्ख्या विभागात माझ्या भांडाराला तोड नाही. तेव्हा मीच दोऱ्या बांधल्या, चिमटे लावले आणि ओळीनं कागद वाळत घातले. (ही एकदा माझा विसरलेला चष्मा द्यायला आली, तर तिला वाटलं मी ऑफिसात रुमाल धुऊन वाळत घालतो. त्यावरून घरी जे झालं ते इथे लिहीत नाही.) हे सगळं चाललं सरकारी अनुदानावर, म्हणजे तुमच्या-माझ्या आणि त्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या पैशावर.

इथे एक गोष्ट सांगायची राहून जाईल म्हणून आताच सांगून टाकतो, कारण ती आठवली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. या पट्ट्यांची बातमी फुटल्यावर लोक माझ्या खिडकीशी यायला लागले. विभागातली पोरं, दोन शाळांचे मास्तर, एक नळकारागीर, एक आजीबाई. प्रत्येकाला तेच सांगायचं, आधी काय, मग काय, किती वेळ. माझा घसा बसला. शेवटी मी खिडकीबाहेरच्या फळ्यावर मथळा लिहिला, ‘पट्टी कशी बनवतात हे पुन्हा पुन्हा विचारू नये’, आणि खाली सगळी कृती टाकली, मापांसकट, पांढऱ्या ऑइलपेंटनं, म्हणजे पावसात जायला नको. खाली सही, तारीख. (सही-तारखेशिवाय मी काहीच लिहीत नाही, किराण्याच्या यादीवरसुद्धा.) मामा, यात माझं काय चुकलं? तर महिन्याभरात कुलसचिव कार्यालयाचा मेमो! ‘सार्वजनिक रस्त्यालगतच्या फळ्यावर, कोणाही वाटसरूस वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, विनापरवाना मजकूर लिहिल्याबद्दल’ खुलासा करावा. सोबत फळ्याचा फोटो. मी चार पानी खुलासा दिला. त्यावर ‘समज देण्यात येत आहे’ असा शेरा मारून कागद माझ्या सेवापुस्तकात चिकटवला. सत्तावीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात! फळा पुसा असं मात्र त्यात कुठेच म्हटलं नव्हतं, आणि मी लेखी आदेशाशिवाय काही पुसत नाही, म्हणून तो आजही तसाच आहे. तो मेमो रद्द झाल्याशिवाय मी निवृत्त होणार नाही, हे तुम्हाला आजच सांगून ठेवतो.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात, मामा. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

संशोधनाच्या प्रत्येक वहीला पानाच्या तळाशी दोन चौकटी असतात. डावीकडे नुसतं ‘सही व तारीख’. उजवीकडे ‘वाचले व समजले’ आणि त्याखाली सही. दिवसाचं काम संपलं की दोन माणसांनी त्या दोन चौकटींत सह्या करायच्या. चिमणीचे मार्गदर्शक सर कधी जागेवर नसत (ते कुठे असत हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे), तेव्हा ती पहिल्या दिवशी पाच वाजता वही घेऊन माझ्या खिडकीशी आली आणि उजव्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, काका, इथे सही करा. मी वाचलं. ‘वाचले व समजले.’ माझा हात तिथेच थांबला.

कारण मला तुम्ही दिसलात. आठवीचा वर्ग. तुम्ही फळ्यावर काहीतरी बाणबीण काढले आणि विचारलंत, समजलं का? सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. तुम्ही बरोब्बर मलाच उठवलंत. मला त्यातलं अक्षर सांगता आलं नाही. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. एवढंच म्हणालात की नापास झालास तरी चालेल, पण न समजलेल्या गोष्टीला पुन्हा कधी समजलं म्हणू नकोस. आणि मग खरोखरच नापास केलंत. आई त्या दोन गुणांसाठी तुमच्या दारात आली होती, तुम्ही दिले नाहीत आणि तिनं महिनाभर सख्ख्या भावाशी अबोला धरला. मी तुमचं ते वाक्य चव्वेचाळीस वर्षं पाळलं आहे.

तेव्हा मी चिमणीला स्पष्ट सांगितलं, बाई, मला यातलं काही समजलेलं नाही, मी इथे सही करणार नाही. तिची बस निघायला आली होती. ती म्हणाली, काका, मग कुठेही करा हो! मी डावीकडे केली, तिथे नुसतं ‘सही व तारीख’ होतं, त्यात खोटं काही नव्हतं. राहिली उजवी चौकट. तिनं वाचलंही होतं आणि तिला समजलंही होतं, म्हणून तिथे तिनं केली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. सहा वर्षं, तीन वह्या, चारशे बारा पानं. माझी सही तुम्हाला माहीत आहे, खाली दुहेरी रेघ आणि दोन टिंबं. एकाही पानावर टिंब चुकलेलं नाही.

वहीच्या पहिल्या पानाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं की डावी चौकट शोधकर्त्याची, उजवी साक्षीदाराची. ते कोण वाचतं? चिमणीनं वाचलं नाही, मी वाचलं नाही, सरांनी तर वहीच पाहिली नाही. वाचलं ते नऊ तारखेला सव्वातीन वाजता, हक्क कक्षाच्या अधिकाऱ्यानं.

हा हक्क कक्ष गेल्या वर्षी नवीन निघाला आहे. काचेचं दार, गुबगुबीत सोफा, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, तेही रोज पुसलेलं. विद्यापीठात कुणी काही शोधलं की त्याची मालकी कुणाची, ते कुणाला विकायचं, हे तिथे ठरतं. तिथल्या अधिकाऱ्याला सगळे हक्कसाहेब म्हणतात. चिमणीच्या पट्टीवर हक्क नोंदवायचा अर्ज या वर्षी विद्यापीठानं केला, त्यासाठी वह्या उघडल्या, आणि मला बोलावणं आलं. मला वाटलं मेमो रद्द झाला! मी नवा सदरा घालून गेलो. हक्कसाहेबांनी मला सोफ्यावर बसवलं, बशीसकट चहा दिला (एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा बशी), आणि विचारलं की हा शोध तुम्ही कसा लावलात. मामा, चहा माझ्या नाकात गेला.

मी म्हटलं, साहेब, काहीतरी घोटाळा आहे, ही सगळी मेहनत त्या मुलीची, अक्षरही तिचंच. ते म्हणाले, अक्षर कुणाचंही असो, कायदा सही बघतो. मी म्हटलं, मग असेना का माझी सही, मालकी तर विद्यापीठाचीच ना? तेव्हा त्यांचा चेहरा पडला. नियम असा आहे की विद्यापीठातील अध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी यांनी लावलेला शोध विद्यापीठाच्या मालकीचा. भांडारपालाचा उल्लेख नाही. माळ्याचा नाही, पहारेकऱ्याचा नाही. आम्ही तिघं काही शोधून काढू असं नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तेव्हा सरकारी अनुदानातून सहा वर्षांत जे तयार झालं, ते कागदोपत्री आता एकट्या माझं आहे. मी तिथून उठलो तो काचेचं दार उघडं आहे असं समजून त्यालाच धडकलो.

मी आजवर धरून चालत होतो की लोकांच्या पैशानं झालेली वस्तू लोकांची असते, रस्त्यावरच्या दिव्यासारखी. हक्कसाहेबांनी मला समजावून सांगितलं की तसं नसतं. पैसा लोकांचा, शोध विद्यापीठाचा, विक्री कंपनीची. आणि या सगळ्यात अडकलेली सही माझी! हे ऐकून मी जेवढा हादरलो तेवढा स्वतः शास्त्रज्ञ झाल्याचं ऐकूनही हादरलो नव्हतो.

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं, हसेल. ती गंभीर झाली आणि म्हणाली, मला पहिल्यापासून वाटत होतं की तुमच्यात काहीतरी आहे. (एकतीस वर्षांत हे वाटत असल्याचा एकही पुरावा तिनं दिला नव्हता.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली. तळमजल्यावरचे शिंपी बंद पडलेली इस्त्री घेऊन आले. समोरच्या वकिलीणबाईंनी मुलीची वही पाठवली, दोन समीकरणं अडली आहेत म्हणून. मी सांगून थकलो की मला काही येत नाही. सगळे म्हणतात, मोठी माणसं अशीच बोलतात.

पण मामा, एक गोष्ट फार लागली. चिमणी माझ्याशी बोलेनाशी झाली. तिला वाटलं, म्हाताऱ्यानं सहा वर्षं गोड बोलून डाव साधला. आठ दिवस ती खिडकीशी आली नाही, चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती पाठवायची. पाच वाजले की मी उगाच पेन काढून ठेवायचो आणि साडेपाचला परत खिशात घालायचो. पोटच्या पोरीनं अबोला धरावा तसं झालं होतं मला.

त्यामुळे हक्कसाहेबांनी एक कागद दिला तेव्हा मला हायसं वाटलं. त्यात एवढंच होतं की मी शोधकर्ता नाही, शोध त्या मुलीचा आहे. धडधडीत खरं! मी पेनचं टोपण काढलंसुद्धा होतं. एवढ्यात खिडकीशी चिमणी. आठ दिवसांनी. डोळे सुजलेले. म्हणाली, काका, सही करू नका. तिनं म्हणे कराराचा मसुदा पाहिला होता. मी सही केली की शोध तिचा ठरणार, तिचा ठरला की नियमानं विद्यापीठाचा, आणि विद्यापीठ तो एका कंपनीला कायमचा देऊन टाकणार. ती कंपनी तीच खोलीभर यंत्रं विकते. पट्टी बाजारात आणणं तिच्यावर बंधनकारक नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती बनवताही येणार नाही. म्हणजे पट्टी कपाटात. मी विचारलं, मग तुझं नाव, तुझी सहा वर्षं? ती म्हणाली, नाव तुमचंच राहू द्या काका, तुम्ही ती सगळ्यांना वाटून टाकाल.

मामा, आता पेच बघा. खरं बोललो तर पोरीचं नाव राहतं आणि पट्टी जाते. खोटं बोललो तर पट्टी राहते आणि पोर जाते. शोध कुणाचा हे ठरवायला येत्या एकोणीस तारखेला विद्यापीठाच्या समितीपुढे सुनावणी आहे. तिथे मला शपथेवर सांगायचं आहे की शोध माझा. आणि मी ते सांगणार आहे. तिच्या त्या भावासाठी सांगणार आहे. तुम्ही शिकवलेलं मोडणार आहे, हे तुमच्यापासून लपवणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. मामींना नमस्कार. तब्येतीला जपावं. लोभ आहेच, तो हे वाचूनही राहावा.

तुमचा,
दोन टिंबवाला भाचा

ता. क. — पत्र लिहिण्याचं खरं कारण वर लिहायचं धाडस झालं नाही. समिती मला प्रश्न विचारणार: कागद आधी का भिजवायचा, अंधार कशाला, गुलाबीच का. हातानं मी हे सगळं हजार वेळा केलं आहे, पण ‘का’ विचारलं की माझ्या डोक्यात आठवीचा तास सुरू होतो. तेव्हा तुम्ही आठ दिवस इकडे येऊन मला रसायन शिकवावं. मला निदान समजलं, तर खोटं निम्मं होईल. वर गुडघ्याची, प्रवासाची आणि जिन्याची जी मायेनं चौकशी केली आहे तिच्यामागे हे होतं. आमची जागा दुसऱ्या मजल्यावर आहे.

ता. क. — पत्र पाकिटात घालून खिशात ठेवलं होतं, ते खिशातच राहिलं, कारण समितीच्या अध्यक्षांना दौऱ्यावर जायचं म्हणून सुनावणी अचानक आजच झाली. आत्ता तिथूनच येतो आहे. घाईघाईत लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर मामींकडून वाचून घ्या.

अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश बाई. शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी विचारलं, हा शोध तुमचा आहे का? चिमणीनं तीन पानं पाठ करून घेतली होती. मी तोंड उघडलं, आणि तुम्ही दिसलात हो मामा, खडूसकट! तोंडातून निघून गेलं की नाही बाई, मला यातलं काही समजत नाही, शोध हिचा आहे, मी फक्त कागद वाळवले. मागे चिमणीनं डोळे मिटून घेतले. हक्कसाहेब इतके खूश झाले की त्यांनी मला पाणी ओतून दिलं. मला तिथल्या तिथे धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. एका पोरीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती आणि ती मी घालवली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, पण ही गुप्त कृती तुम्हाला ठाऊक कशी? मी म्हटलं, बाई, गुप्त कसली, फळ्यावर लिहिली आहे. त्या म्हणाल्या, कुठल्या फळ्यावर? आता फळ्याचा विषय निघाला म्हटल्यावर मी गप्प बसतो की काय? मेमोची फाइल माझ्या पिशवीत असतेच (कुठल्याही कार्यालयात बोलावलं की मी ती नेतो, न जाणो). मी ती पुढे ठेवली आणि विनंती केली की समिती बसलीच आहे तर एवढा मेमो रद्द करावा. बाईंनी तो मोठ्यानं वाचला. ‘सार्वजनिक रस्त्यालगतच्या फळ्यावर.’ ‘कोणाही वाटसरूस वाचता येईल अशा ठळक अक्षरांत.’ मग फोटो बघितला, कृती, मापं, माझी सही, दोन टिंबं, तारीख. मग मेमोची तारीख बघितली. मग हक्कसाहेबांच्या अर्जाची. मेमो दोन वर्षं आधीचा. हक्कसाहेबांनी मला ओतून दिलेलं पाणी उचललं आणि स्वतः प्यायले.

कायद्याचे सल्लागार होते, त्यांनी सांगितलं की अर्जाआधी जे जगजाहीर झालं त्यावर कुणालाच हक्क सांगता येत नाही. विद्यापीठाला नाही, कंपनीला नाही, मला नाही. पट्टी ज्याला हवी त्यानं बनवावी. आणि ती जगजाहीर झाल्याचा पुरावा खुद्द विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी! शोधकर्ती म्हणून चिमणीचं नाव समितीनं नोंदवलं, चारशे बारा पानांची दुरुस्ती एका ओळीत झाली. ती पोर रस्त्यावर त्या फळ्यासमोर उभी राहून आधी हसली, मग हुंदके देऊन रडली. म्हणाली, काका, मी रोज याच्यासमोरून जाते हो! माझ्या तोंडून निघून गेलं, अगं चिमणे, रडतेस काय. तिला राग आला नाही.

मेमो रद्द झाला का, असं मी उठताना विचारलं. नाही म्हणाले. उलट तो आता महत्त्वाचा कागद असल्यानं कायम जपून ठेवायचा आहे, माझ्या सेवापुस्तकातच.

ता. क. — शिकवायला यायचं आता कारण उरलं नाही असं समजू नका. संध्याकाळी पाच वाजता चिमणी नवी वही घेऊन खिडकीशी आली. पहिल्या पानावर डावीकडे तिची सही, बरोबर जागी. उजवी चौकट रिकामी. मी म्हटलं, आता कुणा शिकलेल्याकडून घे. ती म्हणाली, नाही काका, ही तुमची आहे, समजेल तेव्हा करा, मी थांबते. मामा, मला आजवर सगळ्यांनी ‘समजलं का’ विचारलं, ‘समजेल तेव्हा’ असं कुणी म्हटलं नव्हतं. गुडघा परवानगी देत नसेल तर मीच वही घेऊन तुमच्याकडे येतो, माझी एकसष्ट दिवसांची रजा शिल्लक आहे. फक्त लाल पेन काढून ठेवा. या खेपेला दोन गुण मागायला आई नाही. तेव्हा मी पास झालो तर ते खरंच समजलं म्हणून झालेलो असेन.